पूर, दरड, भूकंपानंतर मनावरचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की हे प्रश्न वाढतात. महाड, चिपळूण, खालापूर, शिरोळ, पलूस, औसा अशा तालुक्यांतून ते येतात आणि तिथून पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला किंवा आखातात गेलेल्यांकडूनही येतात. विचारणाऱ्यांचे शब्द वेगळे असतात, पण मुद्दा एकच असतो: जीव वाचला, मन मात्र थाऱ्यावर नाही, आणि नुसतं बोलून काय होणार? समुपदेशक म्हणून मी जी उत्तरं देते ती इथे एकत्र केली आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. कधी, किती आणि कुणाशी बोलायचं, हे ज्याच्यावर बेतलं त्यानंच ठरवायचं असतं. शेजाऱ्यांनी, पत्रकारांनी किंवा आम्हीही ते ठरवायचं नाही.

जीव द्यावासा वाटत असेल किंवा घरात कुणी तसं बोलत असेल, तर आधी प्रश्न १९ वाचा.

१. पूर ओसरून तीन आठवडे झाले. अजून झोप नाही, पत्र्यावर पाऊस वाजला की छाती धडधडते. मला वेड लागतंय का?

नाही. जिवावरच्या प्रसंगानंतर शरीर काही काळ पहाऱ्यावर राहतं. दचकणं, रात्री दोन-दोनदा उठून दाराबाहेर पाणी बघणं, भूक मरणं, उगाच चिडणं, सगळं बधिर झाल्यासारखं वाटणं, हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतं. डोक्यावर छप्पर आलं, माणसं भोवती असली, रोजचं काम सुरू झालं की बहुतेकांचा हा त्रास हळूहळू उतरतो, तोही कुठल्याही उपचाराशिवाय. गावात सगळ्यांना 'पेशंट' ठरवू नये ते यासाठीच.

२. मग उपचाराची गरज आहे हे ओळखायचं कसं?

साधारण एक महिना ही खूणगाठ धरा. महिन्यानंतरही पुढचे त्रास टिकून असतील किंवा वाढत असतील, तर तज्ज्ञाला भेटा: प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा घडत असल्यासारखा दिसणं किंवा तीच स्वप्नं पडणं, त्या जागा, ती माणसं, तो विषय टाळत राहणं, 'माझ्यामुळेच झालं', 'आता कशावरच भरवसा नाही' असे विचार घर करून बसणं, आणि सतत सावध, दचकलेलं, चिडलेलं असणं. या चौकडीला तज्ज्ञ पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, म्हणतात. निदान तेच करतील. तुम्ही एवढंच बघायचं की यामुळे शेत, दुकान, स्वयंपाक, शाळा, नाती यांतलं काही अडलं आहे का.

महिनाभर थांबायचंच असाही नियम नाही. माणूस खात-पीत नसेल, घरच्यांना ओळखत नसेल, भास होत असतील किंवा मरणाची भाषा करत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट काहींना पहिले सहा महिने काहीच होत नाही. घर उभं करण्याच्या धावपळीत मन मागे पडतं आणि नंतर सगळं एकदम अंगावर येतं. तेही खरं दुखणंच आहे.

३. आपत्तीनंतर लगेच गावात समुपदेशक पाठवून सगळ्यांना बोलतं करावं का?

करू नये. हे मी ठासून सांगते, कारण चांगल्या मनानं होणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे. पूर्वी अशी समजूत होती की प्रसंगानंतर दोन-चार दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवून एका बैठकीत सगळं ओकायला लावलं की पुढचा आजार टळतो. ही पद्धत नीट तपासली गेली तेव्हा तिनं आजार टळत नाही असं दिसलं, आणि काहींचा त्रास उलट वाढला. जागतिक आरोग्य संघटना ती करू नका असंच सांगते.

त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार करावेत. संघटनेनं २०११ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका काढली. तिचं सार तीन शब्दांत सांगता येतं: पाहा, ऐका, जोडा. कुणाला तातडीची गरज आहे ते पाहा. जो बोलेल त्याचं ऐका, प्रश्नांची सरबत्ती करू नका. आणि माणसाला त्याच्या माणसांशी, निवाऱ्याशी, औषधाशी, तलाठ्याशी जोडून द्या. निवारा केंद्रात फोन चार्ज करून देणं, हरवलेल्या नातेवाइकाची चौकशी करणं, पंचनाम्याचा अर्ज भरून देणं, बायकांसाठी आडोशाचं न्हाणीघर उभं करणं, हे सगळं त्या घडीला मनाचंच काम असतं. त्यासाठी पदवी लागत नाही. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी हे शिकून उत्तम करू शकतात.

४. बोलून होणारा उपचार म्हणजे गप्पाच ना? घरच्यांशी तर रोज बोलतो.

घरच्यांशी बोलणं मोलाचं आहे, ते सोडू नका. पण घरात आपण एकमेकांना जपून बोलतो. आई रडेल म्हणून मुलगा अर्धं गिळतो, नवरा 'झालं ते झालं, आता विसर' म्हणून विषय मिटवतो. शिवाय घरातले सगळेच त्याच पाण्यातून आलेले असतात.

उपचारातलं बोलणं ठरवून, क्रमानं आणि एका उद्देशानं होतं. डोक्यात तुकड्या-तुकड्यांनी अडकलेली आठवण जागेवर बसवणं, तिच्याभोवती जमलेले चुकीचे निष्कर्ष तपासणं आणि भीतीनं बंद केलेल्या जागा पुन्हा उघडणं, हे ते काम. तिथं समोरच्याला सांभाळण्याची जबाबदारी तुमच्यावर नसते, हाही मोठा फरक आहे.

५. यात कोणकोणत्या पद्धती आहेत?

नावं बरीच आहेत, पण भक्कम आधार थोड्यांना आहे. आघातावर बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी पद्धत, ही सर्वांत तपासलेली. तिचेच दोन भाऊबंद आहेत. एडना फोआ यांच्या पद्धतीत आठवणीला आणि टाळलेल्या जागांना टप्प्याटप्प्यानं सामोरं जातात. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत 'दोष माझा', 'जग असंच' या अडकलेल्या विचारांवर साधारण १२ सत्रांत काम होतं. ईएमडीआर ही पद्धत फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. तीत प्रसंग मनात धरून तज्ज्ञाच्या हलत्या बोटांकडे नजर फिरवायची असते. नजर फिरवल्यानं नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, पण उपचाराचा गुण येतो हे मान्य झालेलं आहे.

आणखी एक पद्धत मला आपल्याकडे फार योग्य वाटते. तिला कथनावर आधारित उपचार म्हणता येईल. जमिनीवर दोरी पसरतात, चांगल्या प्रसंगाला फूल आणि वाईटाला दगड ठेवतात, आणि जन्मापासून आजपर्यंतचं आयुष्य क्रमानं सांगतात. दगड कुठे येतो आणि त्याच्या पुढे-मागे किती आयुष्य आहे, हे डोळ्यांना दिसतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत मुलांसाठी ती वापरली गेली. तिथे काही मुलांना ही पद्धत आणि काहींना ध्यान व शिथिलीकरण दिलं, तेव्हा दोन्ही गटांना चांगला फरक पडला. त्यामुळे 'हीच पद्धत, बाकी सगळं फोल' असं कुणी सांगितलं तर सावध राहा.

६. खोलीत बसल्यावर नेमकं काय होतं?

ओळख पटू नये म्हणून तीन-चार बायकांचे अनुभव एकत्र करून सांगते. नदीकाठच्या गावातली पंचेचाळिशीची बाई. रात्री पाणी चढलं तेव्हा ती गोठ्यात म्हशींची दावी सोडायला गेली. तेवढ्यात घराची मागची भिंत पडून सासू दगावली. वर्ष होत आलं, बाई माजघरात झोपत नाही, ओट्यावर बसून रात्र काढते.

पहिल्या दोन भेटींत प्रसंगाला हातही लावला नाही. झोप, जेवण, घरात कोण काय म्हणतं, औषधं कुठली, हे विचारलं. शरीर का दचकतं ते समजावलं. घाबरं झालं की पाय जमिनीला टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची आणि श्वास सावकाश सोडायचा, हे शिकवलं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिनं डोळे मिटून ती रात्र सांगायला सुरुवात केली. 'पाणी तिसऱ्या पायरीला आहे, कंदील हातात आहे' असं, आत्ता घडतंय तसं. एका जागी ती दरवेळी अडायची: गोठ्यातून हाक मारली आणि आतून ओ आली. त्या 'ओ'वर आम्ही पुन्हा पुन्हा थांबलो. मग तिला विचारलं, ओ ऐकल्यावर तुम्हाला काय वाटलं? ती म्हणाली, 'आत्याबाई जाग्या हायत, बऱ्या हायत.' म्हणजे त्या घडीला तिला जे माहीत होतं त्यावरून गोठ्यात जाणं चुकीचं नव्हतं. मागची भिंत पडेल हे तिला नंतर कळलं, आणि नंतर कळलेल्याची शिक्षा ती आधीच्या स्वतःला देत होती. हे तिचं तिला उमगायला बराच वेळ लागला. मी पहिल्याच दिवशी 'तुमचा दोष नाही' म्हटलं असतं तर ते तिनं कानाआड केलं असतं.

सोबत घरी करायच्या गोष्टी होत्या. भीतीची उतरंड केली: सगळ्यांत खाली दिवसा माजघरात दहा मिनिटं बसणं, मग तिथे तांदूळ निवडणं, मग दुपारची झोप, मग नदीच्या घाटापर्यंत जाणं, आणि सगळ्यांत वर पावसाच्या रात्री आत झोपणं. खालची पायरी सोपी झाल्याशिवाय वरची घ्यायची नाही. काही आठवडे मागे-पुढे झाले. सासूची आठवण येते, रडू येतं, ते येणारच. पण ती आता आत झोपते.

७. सगळं पुन्हा सांगितल्यानं जखम चिघळणार नाही का?

सुरुवातीच्या दोन-तीन भेटींनंतर काहींची झोप बिघडते, स्वप्नं वाढतात, चिडचिड होते. हे आधी सांगणं तज्ज्ञाचं काम आहे. बहुतेकांचं ते पुढच्या काही भेटींत निवळतं. मात्र कुणीतरी भेटीला आलं आणि 'सांगा ना काय झालं' म्हणालं की माणूस सगळं सांगून मोकळं होण्याऐवजी आणखी हादरतो, कारण तिथे सुरक्षितपणा नसतो, गती त्याच्या हातात नसते आणि शेवटी त्याला सावरून घरी पाठवणारं कुणी नसतं. त्रास सलग वाढतच गेला तर गप्प राहून सहन करू नका. गती कमी करा म्हणून सांगा. तो तुमचा अधिकार आहे.

८. मला त्या रात्रीबद्दल बोलायचंच नाही. मग माझ्यासाठी काही नाही का?

आहे. तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपानंतर मानसोपचारतज्ज्ञ मेतिन बाशोलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट घेतली. सविस्तर कथनाऐवजी भर एकाच गोष्टीवर दिला: भीतीनं टाळलेल्या गोष्टी पुन्हा करून ताबा परत मिळवणं. घरात शिरणं, अंधारात झोपणं, एकट्यानं राहणं. समजावण्याचं एकच सत्र आणि नंतर लोकांनी स्वतः केलेला सराव, एवढ्यावरही अनेकांचा त्रास लक्षणीय उतरला.

ईएमडीआरमध्येही तपशील मोठ्यानं सांगावा लागत नाही. आणि स्वप्नांचाच त्रास असेल तर एक साधं तंत्र आहे: तेच स्वप्न जागेपणी आपल्याला हवा तसा शेवट देऊन लिहायचं किंवा मनात रचायचं, आणि तो नवा शेवट रोज थोडा वेळ डोळ्यांपुढे आणायचा.

९. हे कुठे मिळतं? किती भेटी, किती खर्च?

आघातावरचा उपचार साधारण ८ ते १५ भेटींचा असतो, आठवड्याला एक, तासाभराची किंवा थोडी जास्त. एकापेक्षा जास्त मोठे आघात असतील तर जास्त लागतात.

सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापासून करा, तिथे सरकारी दरात सेवा मिळते. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो, गेलं म्हणजे दाखल करून घेतात असं नाही. प्रवास जमत नसेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. खासगीत जायचं असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. नुसती 'समुपदेशक' अशी पाटी पाहून जाऊ नका. शिक्षण काय, आघातावर काम केलं आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

व्हिडिओ कॉलवरही हे उपचार चांगले होतात, पण घरात दार लावून बसायला जागा हवी. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या बायकांना ती मिळत नाही. त्यांच्यासाठी आरोग्य उपकेंद्रातली एखादी खोली दुपारी तासभर मोकळी ठेवता येते, फक्त कुणीतरी मागायला हवी.

१०. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. त्या बास नाहीत का?

दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत होते. झोपेसाठी किंवा घाबरं होतं म्हणून मिळणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी त्या रात्रीपुरतं बरं वाटतं, पण आघाताचा त्रास त्यानं बरा होत नाही आणि सवय लागते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या या कारणासाठी देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. महिनोन्‌महिने घेत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा.

सर्ट्रालिनसारखी औषधं वेगळी. ती नैराश्य आणि पीटीएसडीवर चालतात, गुण यायला काही आठवडे लागतात. बोलून होणारा उपचार मिळत असेल तर आधी तो घ्यावा. त्रास फार असेल किंवा सोबत खोल नैराश्य असेल तर दोन्ही बरोबर चालतात.

११. डोंगराला भेग आहे, दरड पुन्हा येऊ शकते. मग माझी भीती चुकीची कशी?

चुकीची नाहीच. या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वेळ देते.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इरशाळवाडी. ऐन पावसाळ्यात दरड आली. अशा उतारावर राहणाऱ्याला पावसात झोप न लागणं हे शहाणपण आहे. धोक्याच्या जागी 'भीतीला सामोरं जा' असा उपचार करणं मी गैर मानते. तिथे पहिला उपचार स्थलांतराचा आहे. सुरक्षित घर मिळेपर्यंत समुपदेशक फार तर झोप, श्वास, आधार इतकंच काम करू शकतो, आणि तेवढंच करावं. पुनर्वसन रखडलं आहे म्हणून माणसं हबकलेली असतील तर तहसील कचेरीत त्यांच्या बाजूनं पत्र देणं हाही समुपदेशकाच्या कामाचा भाग आहे.

जागा बदलली, नवं घर पक्क्या सपाट जमिनीवर आहे, तरीही पहिल्या सरीला पोरांना घेऊन रस्त्यावर पळत असाल, तर ते काम प्रश्न ६ मधल्या उतरंडीचं. दोन्हींच्या मधली स्थिती असेल तर आधी कागदावर योजना लिहा: किती पाऊस झाला की निघायचं, कुठल्या वाटेनं, कुणाच्या घरी, पिशवीत काय. भीतीला करायला काम मिळालं की ती रात्रभर जागवत नाही.

१२. माणूस गेला, पण देह मिळालाच नाही. दिवस घातले तरी मन मानत नाही.

इरशाळवाडीत २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. डोंगर ज्यांच्यावर आला ती माणसं तिथेच आहेत हे नातेवाइकांना ठाऊक आहे, तरी दार वाजलं की मान वळते. पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेनं अशा अधांतरी दुःखावर आयुष्यभर काम केलं. तिचं म्हणणं मला फार पटतं: इथे 'स्वीकारा, पुढे चला' असा आग्रह धरू नये. 'तो बहुतेक नाही, आणि तरी मी वाट पाहते' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. ती दोन्ही बोलता आली की माणूस मोकळा श्वास घेतो.

विधींचं महत्त्व कमी लेखू नका. प्रतीकात्मक अंत्यविधी करायचा का, कधी करायचा, हे कुटुंबानं मिळून ठरवावं. एकाला हवं आणि दुसऱ्याला नको असेल तर तज्ज्ञासोबत एकत्र बसावं. मृत्यूच्या दाखल्यासाठी सही करणं म्हणजे आपणच त्याला मारल्यासारखं काहींना वाटतं, तेव्हा दाखला हा कागदाचा व्यवहार आहे, मनानं निरोप घेणं वेगळं, असं सांगावं लागतं.

देह मिळाला असो वा नसो, सहा महिने-वर्षानंतरही दुःखाची धार तसूभर कमी झाली नसेल, जगण्यात कशातच जीव लागत नसेल, तर लांबलेल्या शोकावर वेगळे उपचार आहेत. ते पीटीएसडीहून निराळे, म्हणून तपासून घ्या.

१३. पाण्यात माझ्या हातून लेकराचा हात सुटला. हे कुणाला सांगू?

आधी फक्त एका माणसाला सांगा, आणि तो असा निवडा जो लगेच 'तुझा काय दोष' म्हणून तोंड बंद करणार नाही. हा अपराध गावभर सांगायचा नसतो आणि एकट्यानं वागवायचाही नसतो. वाहत्या पाण्याचा जोर माणसाच्या पकडीपेक्षा कितीतरी मोठा असतो. हे डोक्याला कळतं, पण हाताला कळत नाही. उपचारात नेमकं त्या क्षणापाशी जावं लागतं, प्रश्न ६ मध्ये 'ओ'पाशी गेलो तसं. घाईनं जाऊ नये, आणि एकट्यानं तर मुळीच जाऊ नये. घरच्यांना विनंती: भांडणातसुद्धा त्या गोष्टीचा उच्चार करू नका.

१४. मुलगी सात वर्षांची आहे. ती पुन्हा अंथरूण ओलं करते, आणि बाहुल्या मातीत पुरण्याचा खेळ खेळते. थांबवू का?

अंथरुणाबद्दल ओरडू नका, सुरक्षित वाटलं की बहुधा ते थांबतं. खेळही थांबवू नका, शेजारी बसा. बाहुली बाहेर निघते का, कुणी तिला काढायला येतं का, ते बघा. दर वेळी खेळ तिथेच अडत असेल आणि खेळून झाल्यावर ती आणखी घाबरीघुबरी होत असेल, तर तज्ज्ञाला दाखवा. मुलांसाठीच्या सीबीटीत आई-वडिलांनाही सोबत घेतात, साधारण १२ ते १६ भेटी होतात.

मुलांना खरं सांगा, थोडक्यात सांगा. 'आजी गावाला गेली' असं सांगितलेली पोरं पुढे गावाला जाणाऱ्या प्रत्येकाला घाबरतात. शाळा लवकर सुरू होणं हा मुलांसाठी मोठा आधार आहे, मग ती मंदिराच्या मंडपात का भरेना. आणि वर्गात सगळ्यांना 'पुराचं चित्र काढा' असं बसवू नका. ज्याला काढायचं तो काढेल.

१५. मी किल्लारीचा. तीस वर्षं उलटून गेली. आता काय उपयोग?

उपयोग आहे. आठवण किती जुनी आहे यावर हे उपचार अवलंबून नसतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला काही मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपली होती, आणि भूकंपात दगड-मातीच्या रुंद भिंती त्यांच्यावर आल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. नंतर कित्येकांनी दगडी घरात पाऊल टाकायला नकार दिला, पत्र्याखाली राहणं पसंत केलं. ती पिढी आज साठी-सत्तरीत आहे. विसर्जनाच्या रात्री झोप न येणं, ट्रक गेला की खाट सोडणं, नातवंडांना आत झोपू न देणं, हे अजून चालू असेल तर त्याला 'सवय' म्हणून सोडून देऊ नका. वय झालेल्यांसाठी भेटी छोट्या ठेवता येतात. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर तज्ज्ञाला आधी सांगा.

१६. मी दुबईत होतो, घरचे गेले. मी तर काहीच पाहिलं नाही. मला हा त्रास कसा?

जवळच्या माणसाच्या अशा मृत्यूची बातमी कळणं हाही आघातच आहे, निदानाच्या निकषांतही तो धरला जातो. फोन लागत नव्हता ते तास आणि नंतर मोबाइलवर पाहिलेली दृश्यं, मन यातूनच चित्र रचतं, आणि रचलेलं चित्र कधी खऱ्याहून भीषण असतं. गावी येऊन ती जागा कुणासोबत पाहिल्यानं अनेकांना बरं वाटतं. मात्र ओळखीचं कुणीच गेलेलं नसताना केवळ टीव्हीवर सतत पाहून अस्वस्थ झाला असाल, तर आधी ती दृश्यं पाहणं थांबवा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

१७. नवरा बोलत नाही, संध्याकाळ झाली की पितो. उपचाराला यायला तयार नाही. त्यात सासूबाई देवऋषाकडे नेऊ म्हणतात.

पिणारा माणूस बहुतेकदा झोपेसाठी पितो, हे धरून चाला. 'तुम्ही दारू सोडा' यापेक्षा 'तुम्हाला झोप लागत नाही, त्यासाठी डॉक्टरांना दाखवू' हे दार लवकर उघडतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केल्यास हातपाय थरथरणं, भास, झटके होऊ शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तो येत नसेल तर तुम्ही एकट्या या. घरात कसं वागायचं यावर काम करता येतं. मारहाण होत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

देवाचं करण्याला माझा विरोध नाही. भजन, हरिपाठ, ग्रामदेवतेचा उत्सव पुन्हा सुरू होणं यातून गाव सावरतं, हे मी पाहिलं आहे. अंगात येतं तेव्हाही कधी कधी न बोलता आलेलंच बाहेर पडत असतं, त्याची टिंगल करू नये. पण मारणं, उपाशी ठेवणं, चालू औषध बंद करायला लावणं, हजारो रुपये मागणं यांतलं काहीही असेल तर तिथून उठून या.

१८. गावात कळलं तर मुलीचं लग्न अडेल. गुप्तता कोण पाळतं?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नं तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्या वेळीच तो बाजूला पडतो. तुमच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना, सरपंचांना, मदत देणाऱ्या संस्थेलासुद्धा सांगता येत नाही. छायाचित्र काढू द्यायचं बंधन नाही, आणि नाही म्हटलं म्हणून मदत थांबवता येत नाही.

गटात बसायचं की एकट्यानं, हे यावरच ठरवा. एकाच वाडीतल्या बायकांचा गट आधारासाठी, झोपेच्या आणि श्वासाच्या तंत्रांसाठी उत्तम. प्रश्न १३ सारखी गोष्ट गटात काढू नका, ती एकास एक भेटीतच.

१९. जगावंसं वाटत नाही, असं तो म्हणतो. आम्ही काय करायचं?

सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते हा समज चुकीचा आहे, उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. एकटं सोडू नका. कीटकनाशकं, दोर, जास्तीच्या गोळ्या हाताशी ठेवू नका. १४४१६ ला फोन लावा, तातडी असेल तर ११२, किंवा थेट जवळच्या रुग्णालयात न्या. पोलिसांच्या भीतीनं उपचार लांबवू नका. २०१७ च्याच कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं हे शासनाचं कर्तव्य आहे. पीक, कर्ज आणि नुकसानभरपाईचा कागद अडलेला असेल तर तोही त्याच आठवड्यात कुणीतरी हातात घ्या.

२०. हे उपचार कधी सुरू करू नयेत?

आत्महत्येचा विचार तीव्र असताना, रोज नशा चालू असताना, भास होत असताना, किंवा धोका संपलेला नसताना (प्रश्न ११) त्या प्रसंगाच्या आठवणींत शिरू नये. आधी तो पाया सावरावा. घराखाली सापडलेल्यांच्या डोक्याला मार लागला असेल तर विसराळूपणा, चिडचिड, डोकेदुखी यांमागे मेंदूची इजा असू शकते. त्यांनी आधी न्यूरोलॉजीची तपासणी करावी.

२१. मी बचाव पथकात होतो. मला काही होऊ नये ना?

होतं. मृतदेह काढणाऱ्या जवानांना, गावातल्या तरुणांना, पंचनामे करणाऱ्या तलाठ्यांना आणि रात्रंदिवस राबणाऱ्या आशाताईंनाही होतं. वासाचा त्रास जास्त सांगितला जातो: ओल्या मातीचा, डिझेलचा. ड्युटी संपल्यावर लगेच घरी पाठवण्याआधी एक-दोन दिवस विश्रांती आणि साध्या गप्पा असाव्यात, पण सक्तीची बैठक नको, कारण प्रश्न ३ मधलं सगळं इथेही लागू आहे. महिन्यानंतरची खूणगाठही तीच.

२२. उपचार संपले, बरं वाटत होतं. जुलै आला आणि पुन्हा सुरू झालं. सगळं वाया गेलं का?

नाही. तारीख, वर्षश्राद्ध, पहिला मोठा पाऊस, मोबाइलवर आलेला रेड अलर्ट, याला मन प्रतिसाद देतं. बहुधा तो काही दिवसांचा असतो. तो आठवडा आधीच मोकळा ठेवा, एकटं राहू नका, शिकलेलं पुन्हा करा, टाळाटाळ वाढते का तेवढं बघा. दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही तर त्याच तज्ज्ञाकडे जा. बहुतेकांना एक-दोन भेटी पुरतात. तो तज्ज्ञ बदलून गेला असेल तर जुन्या भेटींचा सारांश लेखी मागून घ्या, म्हणजे नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.